सहावा रकाना

कपाट चौदा. खालून तिसरा खण.
ओढला की आधी डांबरगोळ्यांचा वास,
मग पक्षी.
पाठीवर झोपवलेले, पायाला पाय बांधून,
डोळ्यांच्या जागी कापूस.

हा सगळ्यात लहान.
लिंबाएवढा, आणि रंग म्हणाल तर
चहा गाळल्यावर फडक्याला राहतो तो.
चिठ्ठीवर डोंगराचं नाव, उंची फुटांत,
तारीख गेलेली.
त्या डोंगरावर ढग झाडांतच अडकून असतात म्हणे,
खोडाला शेवाळ, शेवाळाला पाणी,
आणि हा बुंध्यापाशी, जमिनीलगत,
दिसत नाही कुणाला.

इथे बडोद्यात मे महिना.
विश्वामित्रीच्या काठावर मगरी जबडे उघडून पडलेल्या.
पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतो
आणि मी रजिस्टर कम्प्यूटरवर चढवते,
नगाला सहा रुपये.

रजिस्टर ताम्हणे कारकुनाच्या हातचं.
पाच रकाने इंग्रजीत, झोकदार,
सहावा मोडीत : देशी नाव व वर्णन.
मोराला पान पुरलं नाही त्यांना.
याच्यापुढे एकच शब्द,
त्याचंही पहिलं अक्षर कसरीनं नेलं.
उरलाय काना, आणि 'तो'.

दांडिया बाजारात फडणीसकाकांना फोटो दाखवला.
भिंग धरून म्हणाले, जातो असेल.
नाहीतर खातो. किडे खात असेल ना?
मग बऱ्याच वेळानं, चष्मा पुसत :
अगं, ताम्हणे कुठला डोंगर बघायला!
पेटीतून आलेला, मेलेला, भुसा भरलेला पक्षी.
त्याला काय कळणार, गातो की काय करतो.

गातो हे मी म्हटलंच नव्हतं.

कुन्नूरच्या सेल्वीनं रात्री रेकॉर्डिंग पाठवलं,
ओल्या पाचोळ्यात दोन दिवस बसून मिळालेले
एकोणीस सेकंद.
सकाळी खण उघडला, फोन त्याच्याशेजारी ठेवला.
आधी नुसती ठिबक.
मग बारीक शीळ, चढत गेली, चढत,
आणि पायरी विसरल्यासारखी थांबली.
पुन्हा पहिल्यापासून, पण दुसऱ्याच वाटेनं.
कापूस हलला नाही. हलणार नव्हताच.

दारात मफतभाई, हातात किल्ल्यांचा जुडगा.
"बेन, आ कोण बोल्युं?"
मी खणाकडे बोट केलं.
त्यांनी वाकून बघितलं, मान हलवली,
आणि जाऊन तिन्ही खिडक्यांची जाळी तपासली,
कुठून शिरला म्हणून.

सहावा रकाना मोकळा ठेवला
तर मशीन पुढे जाऊ देत नाही.
मी काना दाबला. मग 'तो'.
पडद्यावर कान्याच्या आधी, आपणहून,
ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटलं,
अक्षर यायचंय अजून, असं.
तसंच सेव्ह केलं.

पुढचा नग, सुगरण.