माया

दहीपुलाच्या उतारावर माझं दुकान, सहा बाय आठ.
मापांच्या वह्या अठ्ठावीस वर्षांच्या,
एकही रद्दीला दिली नाही.

हेमलता शिरोडे, टेलिफोन एक्स्चेंज.
पहिल्या वहीत दंड साडेबारा.
तेव्हा दळणाचा डबा काखोटीला मारून
गिरणीतून तशाच यायच्या, म्हणायच्या,
बाही घट्ट नको गं, हात चालतो माझा.

मग बारा. मग साडेअकरा.
नवरा गेला त्या वर्षी मी जुन्याच मापानं शिवलं
आणि ब्लाऊज परत आलं.
रात्री काय खाता?
चहा-खारी. एकटीसाठी कुठे कुकर लावायचा?
सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी,
आणि उरलेल्या दिवशी भूक नाही.

मेन रोडवर भेटेल ती म्हणे, किती छान बारीक झालात!
टेप असलं काही म्हणत नाही.
कंबर होती तेवढीच, छत्तीस.
दंड सव्वादहा.
फुकटे भाडेकरू बसून राहिले
आणि कामाचं माणूस घर सोडून गेलं.
मी बोलले नाही.
आमच्यात माप वहीत लिहितात, तोंडावर नाही.

एकदा माझ्या बुटक्या स्टुलावर बसल्या
त्या उठेचनात.
आधी हसल्या. मग मशीनला धरून उठल्या,
सुई मोडली.
तिचे पैसे देत होत्या, मी घेतले नाहीत.

पुढे कधीतरी आल्या, इलॅस्टिक दे, रुंद, तीन वार.
परकराला?
नाही, खिडकीच्या गजाला.
कॉलेज रोडचा एक पोरगा ओढायला लावतो,
खुर्चीतून उठबस करवतो, हात न टेकता, दहादा.
नुसतं गंगेवर फिरून भागत नाही म्हणतो,
दंडाला काय कळणार तू फिरलीस ते?
आणि खाणं?
हुलगे, दही, मुगाची धिरडी,
आणि, दाराकडे बघून, अंडी. दोन.
टरफलं पेपरात गुंडाळून
पंचवटीच्या कचरापेटीत टाकते.

आज माप घेतलं. साडेदहा.
टेप नीट ओढ, म्हणाल्या.
पुन्हा घेतलं. साडेदहाच.
आठ महिन्यांत पाव इंच.
साडेबारा काही परत यायचे नाहीत,
दोघींनाही ठाऊक,
तरी त्यांनी आकडा वहीत वाकून वाचला.

मी बाहीची शिवण उसवली.
आत अर्धा इंच माया सोडलेली असते,
बाई सुटेल या हिशेबानं.
आज पहिल्यांदा
कुणी मिळवून आणलं म्हणून उघडली.

माझ्या मशीनला मोटार बसून सहा वर्षं झाली.
शटर ओढण्याआधी टेप पोटरीला लावली.
आकडा लिहिला नाही.

जाताना रविवार कारंजावर अर्धा किलो हुलगे घेतले.
दुकानदार म्हणाला, काय ताई, बैल घेतला का?
म्हटलं, जुनाच आहे.