सोमवार

सोमवारी उद्यमनगर बंद.
शटरवर ऊन, गल्लीत एक झोपलेला टेम्पो,
आणि मी आत, एकटी,
कोटेशनची बेरीज तिसऱ्यांदा चुकवत.

पंपाच्या केसिंगची ऑर्डर, साठ नग.
पुण्याहून फोन : "मॅडम, बुधवारी गाडी पाठवू?"
मी हो म्हणते.
नाही म्हणायला जी जीभ लागते
ती यांच्यामागे कारखाना हातात आला
तेव्हाच कुठंतरी ठेवून विसरले.

काल हिंदुरावांना म्हटलं, साचे आजच फोडा.
त्यांनी वाळूवर उलटा हात ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा.
"अजून ऊन हाय, वहिनी.
आत्ता फोडलं तर तडकंल."
आणि डबा हँडलला अडकवून
सायकल रंकाळ्याकडं वळवली,
माझ्या उत्तराची वाट न बघता.

आता गार झाली असेल वाळू.
बघायला उठत नाही.
पाय वर घेते खुर्चीत.
टाचांना भेगा. या कधी पडल्या?

पलीकडं कुणीतरी चहाचे ग्लास विसळतंय.
फोन वाजतो. पुणंच.
वाजू दे.

उलटा हात
कपाळावर ठेवून बघते.

अजून ऊन हाय.