साडेतीन टक्के

चॅड्रनमध्ये, रुळांच्या पलीकडच्या शेडमध्ये,
मी चाकं तोलते. बावीस वर्षं झाली.
चाक यंत्रावर गरगरतं, आकडा येतो,
मी रिमच्या आतून शिसाचा तुकडा चिकटवते
नखाएवढा. तेवढ्यानं
सत्तरच्या वेगाला स्टिअरिंगचं थरथरणं थांबतं.
माणसं मात्र बाकावर बसून
आपलं आपण तोलत राहतात
सकाळभर, माझ्या कॉफीवर.

टेट बोर्दोनं पिकअप चार इंच उचललाय.
हवा ओढायची नवी नळी, जाडजूड सायलेन्सर,
आणि चिखलाचे टायर, जे कोरड्या डांबरावर
पोळं उठल्यासारखे घोंघावतात.
"गॅलनला किती देतो?"
"मी मोजत नाही," म्हणतो टेट.
म्हणजे तेरा.

गेरहार्ट सांगतो, मागचं फळकं पाडून चालवा,
वारा सरळ निघून जातो.
त्याचा मेहुणा म्हणतो, छे, कोंडलेला वारा बरा,
वरचा वारा त्याच्यावरून घसरतो.
हे भांडण तिसऱ्या हिवाळ्यात आलंय.
दोघांच्याही फळक्यांना गंज चढलाय,
आता ती धड उघडत नाहीत.

व्हर्लिन हासे बोलत नाही.
त्याच्याकडे वही आहे, हातमोज्यांच्या कप्प्यातली,
डिझेलचा वास मुरलेली.
प्रत्येक भरणा: तारीख, गॅलन, मैल,
आणि कडेला एक शब्द: बर्फ. गुरं. समोरून वारा.
सोळा पूर्णांक नऊ, सोळा पूर्णांक सात,
एकदाच अठरा, त्याखाली दोन रेघा
आणि कडेला काहीच नाही.

तीनदा येऊन त्यानं तेच टायर पाहिले.
अंगठ्यानं खाचेची खोली मापली,
पुठ्ठ्यावरची किंमत वाचली,
जणू आज ती बदलली असेल.
खडीच्या रस्त्यानं त्याचे जुने दोन फाडलेत.
"एक माप मोठे घेतले तर?"

मी सांगितलं, जड आहेत, तेल जास्त पितील.
आणि ओडोमीटर खोटं बोलेल:
चाक मोठं, एका फेरीत जास्त रस्ता कापणार,
यंत्राला ते कळणार नाही.
शंभर मैल गेलास
तर साडेतीन मैल ते गिळून टाकेल.

तो बराच वेळ गप्प.
कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला.
"म्हणजे रॅपिड सिटी," तो म्हणाला,
"साडेतीन मैल जवळ येईल."
"कागदावर," मी म्हटलं.
"आमचं कागदावरूनच तर बिनसलं."

तेव्हा मला जनेल आठवली, त्याची मुलगी.
दक्षिणेकडचा माळ विकायचा होता,
तिनं सही केली नाही,
किंवा यानं. गावात दोन्ही सांगतात.
ती तिकडे गेली त्याला चार वर्षं झाली.
मी काही विचारलं नाही.
नट आवळताना माणसाला प्रश्न विचारू नयेत,
एखादा सैल राहतो.

चारी चाकं तोलून दिली.
एकाला फारच वजन लागलं,
टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा चढवला,
मग नखाएवढ्यावर भागलं.
पैसे त्यानं दोनदा मोजून दिले.
जुने टायर मागे टाकून घेतले.
कशाला, देव जाणे.

मार्चमध्ये आला, चाकांची अदलाबदल करायला.
वही सीटवर उघडी होती. वाचायची नव्हती मी,
पण वाचली.
तारीख रविवारची. तेरा गॅलन.
एकशे त्र्याण्णव मैल, त्यावर काट,
वर पेन्सिलीनं, हिशोब करून: दोनशे.
जाऊन येऊन.

सरासरी पंधरा पूर्णांक चार.
त्याच्या आयुष्यातली वाईटातली वाईट.
कडेला लिहिलं होतं,
समोरून वारा,
आणि त्याच्यापुढे, वेगळ्या शाईत,
दोन्ही वेळेला.