लगदा

सुरुवात बटाट्यापासून केली.
अर्धा कापला, पालथा ठेवला, म्हटलं, हा डोंगर.
जुईलीने त्याच्या चकत्या केल्या,
सगळ्यांत खालची कागदावर गिरवली,
तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी,
आणि उमटल्या समोच्च रेषा,
ज्यांच्यापायी सातवीत माझे दोन मार्क गेले होते.

चकत्या वाया कशाला घालवायच्या?
रात्री काचऱ्या केल्या.
"आपण डोंगर खाल्ला," ती म्हणाली,
आणि बोटं चाटत खिडकीतून पारसिककडे बघत राहिली,
जिथे खाणीने कापलेली कड
अजून गवत धरत नाही.

मग हौस वाढली.
आठवड्याचे पेपर फाडून बादलीत,
भिजवलेली मेथी वाटून त्यात,
म्हणजे कीड लागत नाही, हे माझ्या आत्याचं शास्त्र.
जमीन म्हणून कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा.
पूर्वेला डोंगर, पश्चिमेला निळी खाडी,
ठाणे-बेलापूर रस्ता म्हणजे माझ्या सलवारीची जुनी नाडी,
खारफुटीला मोड आलेली मटकी, मुळं वर करून.
आणि घणसोलीतली आमची इमारत,
सात मजले, लिफ्टसकट:
एक लवंग.

उरलेला लगदा मी सिंकमध्ये ओतला.
तेवढं नको होतं करायला.

रविवार असून हसुराम तांडेल आले.
पाइपातून ओला कागद ओढत म्हणाले,
"ताई, अख्खा अग्रलेख अडकलाय."
मग हात पुसता पुसता टेबलापाशी थांबले.
बराच वेळ.
"पोरी, खारी चुकली."
जुईलीला हसू आवरेना.
खारी तिच्या लेखी चहात बुडवायची.
त्यांनी निळ्या काठावर बोट टेकलं,
तिथून सरकवत आणलं पुठ्ठ्यावरून
थेट लवंगेच्या मागे.
"भरतीचा पानी यां पावेतो. बांध व्हता.
बांधाआड भात. त्याचे म्होरं आमचा आगर."
"आगर म्हणजे?"
"मिठाचा."

आणि ओल्या लगद्यात अंगठ्याने
दाबले चार खळगे, शेजारी शेजारी.
प्रत्येकात त्यांच्या कातडीच्या रेषा उमटल्या,
एकीच्या पोटात एक.

साडेतीनशे मागितले.
कमी करा, हे नेहमीचं वाक्य
तोंडाशी येऊन परत गेलं.

ते गेल्यावर जुईलीने लवंग उपटली,
खळग्यांत चमच्याने मिठाचं पाणी भरलं,
आणि नकाशा चढला फ्रिजवर.
आठवड्यात डोंगराला दोन तडे गेले,
मटकीला वास सुटला,
खळग्यांत मात्र पांढरी, खरखरीत साय धरली.
तिने नखाने खरवडून चाखली, मलाही दिली.

शाळेत दहापैकी सात.
सूची नाही, म्हणून तीन कापले.
संध्याकाळी दप्तर न उतरवताच तिने लिहायला घेतली:
नाडी, रस्ता.
मटकी, खारफुटी.
अंगठा, हसुरामकाका.
पुढे लिहिलं लवंग, स्वल्पविराम दिला,
आणि विचारलं, "आई, लवंग कुठे ठेवलीस?
आणि आता टोचायची कुठे?"

दुसऱ्याचं उत्तर मला आलं नाही.
पहिल्याचं आलं, पण सांगवेना:
गुरुवारच्या मसालेभातात
ती मीच टाकली असणार.