घोडी पडद्याआड आहे असे समजावे

तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, मार्कमेमो, जातीचा दाखला.
कागद वाचायचा नसतो,
काच पुसायची, झाकण दाबायचं.

त्या दिवशी देऊळगावकर सर पिशवीतून
एक जुनी वही काढत म्हणाले,
जपून धर, गुणवंता, पानं पापडासारखी झालीत.
आमचे आजोबा नाटक कंपनीत
विंगेतून वाक्यं सांगायचे.
सेलूला खेळ झाला होता, जिनिंगच्या गोदामात,
निजामाच्या काळी.
तिकीट हाली शिक्क्यात चार आणे,
सरकीच्या ढिगावर बसलं तर तीन.

मी पानं टाकत गेलो.
हिरवा उजेड इकडून तिकडं.
चव्वेचाळिसाव्या पानावर हात थांबला.

हळू टाक पाऊल, सखये, वाट ही नवी.

हे तर आमच्या बापाचं!
म्हणजे बापाच्या क्लॅरिनेटचं.
जिंतूरपासून मानवतपर्यंत एकही पोरगी
या चालीवाचून जीपमध्ये बसली नाही.
आयांना हुंदका इथंच फुटायचा,
मामालोक खिशात रुमाल चाचपायचे,
आणि बाप डोळे मिटून
तीच ओळ तीनदा वाजवायचा.
पुढची कुणालाच येत नव्हती.
क्लॅरिनेटला कुठं शब्द लागतात?
आम्हाला वाटायचं, गाणं रेडिओतून येतं,
जसा गहू रेशनमधून.

पुढची ओळ पानावर होती:
नाल नवा, चारा नवा, धनीही नवा.

मी वर पाहिलं. अंक तिसरा, प्रवेश दुसरा.
सरदार जुगारात हरलाय.
मोतद्दार त्याची घोडी
बाजाराला घेऊन निघतो, आणि गातो.
कंसात बारीक अक्षरात:
घोडी पडद्याआड आहे असे समजावे.
टापांचा आवाज करवंट्यांनी काढावा.

काय झालं रे, सर म्हणाले.
काही नाही, टोनर संपत आलंय.

पदाच्या डोक्यावर लिहिलं होतं: चाल – कानडी.
म्हणजे गाण्याचं हेही माहेर नव्हे.
त्याच्याही आधी कुणी तरी, कुठं तरी, तुंगभद्रेच्या पल्याड
कुणाला तरी घालवायला हे म्हटलं असणार.
माणसाला की जनावराला, कोण सांगावं.

बापाला विचारायचं राहून गेलं.
फक्त एकदा, आमच्या द्वारकीच्या लग्नात,
ऐन वेळी त्यानं क्लॅरिनेट
दुसऱ्याच्या हातात दिलं होतं.
पत्ती ओली झाली म्हणाला,
आणि मांडवाच्या मागं
रिकाम्या पातेल्यांजवळ जाऊन बसला.
एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

संध्याकाळी द्वारकीला गंगाखेडला फोन लावला.
आधी ती लई वेळ हसली.
मी घोडी व्हय रे, म्हणाली,
आणि ते तुमचे दाजी धनी!
मंग कुकरची शिट्टी झाली.
दुसरी झाली.
मंग तिनं विचारलं,
बरं, त्या घोडीचं पुढं काय झालं?

थांब, म्हटलं. प्रती टेबलावरच होत्या.
पाचव्या अंकाला वाळवी फार.
अर्धी वाक्यं गेलेली, छिद्रंसुद्धा काळी छापून आलेली.
सरदाराला पश्चात्ताप होतोय बहुतेक,
कुणाचं तरी लग्न ठरतंय,
भरतवाक्याचे चारच शब्द उरलेत.
आणि कडेला, आजोबांच्या हातचं,
शिसपेन्सिलीनं:
येथे पुन्हा करवंट्या. विसरू नये.

टापा जाताना वाजवायच्या की येताना
ते लिहिलेलं नाही.

येताना, असं मी तिला सांगितलं.