चेंबर नंबर तीन

बाहेर सेहेचाळीस. सावद्याच्या स्टेशन रस्त्यावर
डांबर चपलेला धरून ठेवतंय.
आत सोळा. केळीचे क्रेट छतापर्यंत,
आणि मागच्या भिंतीशी, गोणपाटाखाली,
माझ्या सहा बाटल्या आडव्या.

धनराज वायकोळे, चेंबरचा मालक, विचारतो,
यांचं भाडं कोण देणार?
मी म्हणतो, लाव एका क्रेटचं.
त्याला वाटतं, बागेवर फवारायचं औषध आहे.
वाटू दे.

मी ठिबकचा माणूस. सव्वीस वर्षं
नळ्या अंथरल्या, ड्रिपर टोचले,
थेंबांचा हिशेब ताशी लिटरात सांगत
यावल-रावेरचे बांध तुडवले.
कंपनीनं केपला पाठवलं
तेही थेंब विकायलाच.

स्वार्टलँड म्हणजे काळी भूमी, असं कळलं,
म्हटलं चला, गावचीच निघाली.
मुठीत घेतली तर मुरूम. चुरचुरीत.
त्यात वेल कसले, झुडपंच ती,
ना मांडव, ना तार,
गुडघ्याएवढी, आकडी आलेल्या हातासारखी.
यांना पाणी? मी कॅटलॉग उघडला.
लिझेल आदम्स, तिथली मुकादम, हसली.
म्हणाली, पासष्ट वर्षांत कुणी पाजलं नाही यांना.
खाली जातात. शोधतात.
तू दिलंस तर वरच बसतील, जावयासारखे.
(जावई माझा. ती काय म्हणाली होती
ते नीटसं कळलं नव्हतं.)

ऑर्डर बुडाली.
संध्याकाळी तिनं शेनिन ओतली.
काय सांगू,
आधी कच्च्या पेरूचा तुरटपणा,
मग मध, पण गोड नसलेला,
आणि गिळून झाल्यावर
विहिरीत वाकलं की तोंडावर येतो तो दगडाचा गारवा.
पाणी न दिलेल्या झाडात
एवढं पाणी कुठून आलं?

तिनं घोट तोंडात घोळवला
आणि मातीत थुंकला.
तिच्या आज्याला मजुरी वाईनमध्येच मिळायची,
दिवसातून पाच वेळा, पत्र्याच्या डब्यातून.
आजा चाळिशीही पाहू शकला नाही.
मी बनवते, म्हणाली. गिळत नाही.
माझा पुढचा घोट
जरा वेळानं उतरला.

मग पिनोटाज.
दोन द्राक्षांचं लग्न, तिथल्याच मातीत लावलेलं,
सोयरे अजून नाक मुरडतात.
टेबलावरचा एक जाणकार म्हणाला,
याला केळ्याचा वास मारतो. खोट आहे ही.
खोट?
साहेब, मी रावेर तालुक्यातला.
ग्लास नाकाशी नेला आणि
साडेआठ हजार किलोमीटरवर
वाघोदा फाट्याला ट्रक भरू लागला,
पाल्यात गुंडाळलेले घड, चिकाचे डाग पडलेले शर्ट,
कुणीतरी मोजतंय, लाभ, दोन, तीन.
मी तिथेच सहा बाटल्या घेतल्या.
बायकोची साडी राहिली.

आज पहिली फोडली.
ग्लास नाही, चहाचा स्टीलचा कप.
रखवालदार मेहरबान तडवी, पाच वक्तांचा माणूस,
पीत नाही. म्हटलं, बूच तरी हुंग.
त्यानं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले.
श्रीमंती हाये, भाऊ, म्हणाला.
दोन दिवस उशिरा उतरवलेली.
सालीवर ठिपके पडले असतील.
खाली लाकूड जाळलंय कुणी, बाभूळ नाही, दुसरं काही.
त्यानं समुद्र पाहिलेला नाही.
मी पेन्सिलीनं लेबलवर लिहून घेतलं
सगळं, ठिपक्यांसकट.

आता उठा, सहाला गॅस सोडायचाय, तो म्हणतो.
पाच बाटल्या भिंतीकडे सरकवतो.
लिझेलला फोन लावावा म्हणतो,
तिकडे अडीच वाजले असतील,
वेलांची पानं गळत असतील.
कुणी नळ्या टाकल्या का, एवढंच विचारायचंय.
नाही म्हणाली म्हणजे झालं.
मग उद्या सकाळी निंभोऱ्याला जाईन,
तिथं तीन एकराचं
ठिबक बसवायचंय.