घर आड आलं

चिलोएत आम्ही बिऱ्हाड हलवत नाही, घरच हलवतो.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या सहा जोड्या,
मागे ज्याला ज्याला हात आहेत तो.
एर्मिंदा बार्रीयाचं घर आज खाडी ओलांडणार होतं,
भरतीच्या पाण्यावर तरंगत,
पलीकडे लेकीच्या शेजारी.

माझ्याकडे शाळेचा लॅपटॉप, एक कॅमेरा
आणि तिचा मुलगा रोसामेल,
रिओ गायेगोसच्या शीतगृहात
सोललेल्या मेंढ्यांवर शिक्के मारणारा,
रजा न मिळालेला.
"त्याला दिसलं पाहिजे," एवढंच ती म्हणाली.

सातला सुरू केलं.
सात वाजून चार मिनिटांनी कोपऱ्यातला हिरवा ठिपका
पिवळा झाला, मग लाल.
फ्रेम गळायला लागल्या.

आजार दोन असतात, लक्षण एकच: चित्र अडखळतं.
एक डोक्याचा. यंत्राला समोरचं आवरत नाही.
दुसरा वाटेचा. आवरलेलं पुढे सरकत नाही.
आधी नाडी बघायची.
प्रोसेसर सत्त्याण्णव टक्के.
म्हणजे डोक्याचा.
साठ फ्रेमच्या तीस केल्या, हजार ऐंशीचं सातशे वीस,
नक्षीकामाची हौस सोडली.
पंख्याने श्वास टाकला.
देल्फीनकाका माझ्यावर छत्री धरून विचारतात,
"हे ओढायला किती बैल लागतील, पोरी?"

पण भुरभुर पडत होती,
आणि एन्कोडरला पाऊस परवडत नाही.
मागच्या क्षणाहून काय बदललं तेवढंच तो लिहितो,
जे बदललं नाही त्याचं नावही काढत नाही.
भिंत फुकट. टेकडी फुकट. चर्चची पायरी फुकट.
गवत, लाटा, माणसांचे हात:
प्रत्येकाची नव्याने नोंद.
आणि आज तर
सगळ्यात स्वस्त वस्तूच चालायला लागली होती.

बिटरेट सहा हजारांवरून अठराशेवर.
सर्व्हर सांतियागोचा निवडला, जवळचा.
शाळेच्या छपरावरचा अँटेना काकांच्या नातवाकडून
दोन बोटं वळवून घेतला.
दहा वाजता सगळं हिरवं.
रोसामेलचा संदेश आला: आईने पडदे काढले नाहीत का?
नव्हते काढले. खिडकीत हलत होते.

अकरा वीस. घर उतारावर आलं.
दोर ताणले, कुणीतरी हाळी दिली
आणि माझ्या पडद्यावर:
पुन्हा जोडत आहे.
पुन्हा जोडत आहे.
केबल काढली, लावली. राउटर बंद, चालू.
फोनवरून प्रयत्न केला, एकच दांडी, तीही थरथरती.
की बदलली, पोर्ट बदललं, यंत्राला शिव्या दिल्या,
आणि मग मान वर केली.

घर आड आलं होतं.
जस्ताचं छप्पर, लार्चच्या फळ्या,
एर्मिंदाची अख्खी एकोणचाळीस वर्षं
माझ्या आणि शाळेच्या अँटेनाच्या बरोबर मध्ये
शांतपणे पाण्यात शिरत होती.
बाजूला व्हा कुणाला म्हणणार?
भरती थांबत नाही. मी बसून राहिले.
माझ्या डोळ्यांसमोर एक घर तरंगायला लागलं
आणि मी एकही बाइट पाठवू शकले नाही.

अकरा बत्तीसला ते सरकलं, ठिपका हिरवा झाला.
तोवर घर खाडीच्या मध्यावर, दोन बोटींच्या मागे,
शिकवल्यासारखं.

रात्री त्याचा फोन. मी माफी मागायला तोंड उघडलं,
तर तोच सुरू झाला:
तिसऱ्या जोडीतला डावा बैल पाण्याच्या काठाला बिचकला ना?
काकांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं ना?
उंबरा बुडाला तेव्हा आई वळली आणि टोपी नीट केली.
"सगळं दिसलं," तो म्हणाला. "एकदाही अडकलं नाही."

लॉग माझ्यासमोर उघडा होता.
अकरा वीस ते अकरा बत्तीस: शून्य.
बैल खरंच बिचकला होता. डावा.
टोपीचं मला आठवत नाही,
मी तेव्हा केबल बघत होते.

"हो," मी म्हणाले, "आज लाइन चांगली होती,"
आणि लॉगची खिडकी बंद केली.